ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं शाळेत टिकवायची तर काम आखाडातच सुरू करावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पटावर ८६ मुलं. दिवाळी झाली की वर्गात तीसेक उरतात, बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृह दोन वर्षं चाललं आणि बंद पडलं. ‘सामाजिक शाश्वतता’ हा शब्द शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणात येतो, कारखान्याच्या अहवालात येतो, ग्रामपंचायतीच्या आराखड्यातही येतो. मग शाळा, कारखाना आणि ग्रामपंचायत या तिघांनी प्रत्यक्षात काय करायचं?

एखादा धंदा ज्या माणसांच्या कष्टावर चालतो, त्यांच्या मुलांचं शिक्षण, बायकांची तब्येत आणि गावातलं त्यांचं स्थान तो धंदा शाबूत ठेवतो की खर्ची घालतो, एवढाच या शब्दाचा अर्थ इथे घेऊ. ऊसतोडीत या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. म्हणून एकट्या शाळेने कितीही जीव टाकला तरी वसतिगृह दोन वर्षांत बंद पडतं.

मूल जाणार की राहणार हे दिवाळीला ठरत नाही. ते जून ते ऑगस्टमध्ये, मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना ठरतं. एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, उचल आता लाखाच्या आसपास जाते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. लाखाची उचल फेडायला या दराने २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दोन टन तोडला तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने. जवळजवळ अख्खा हंगाम उचल फिटण्यातच जातो. त्यात कुणी आजारी पडलं की खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाची कपात. अशा हिशोबात दहा-बारा वर्षांच्या मुलाने वाढे (उसाचे शेंडे) गोळा केले, मोळी बांधायला हात लावला किंवा धाकट्याला सांभाळलं, तर त्याची किंमत आईबापांना रोज दिसते. शाळेची किंमत दहा वर्षांनी दिसणार असते. पालक बेफिकीर आहेत असं समजून प्रबोधनाची भाषणं करत बसलं की वेळ तिथेच वाया जातो.

आधी यादी, आणि तीही जुलैत

बंद पडलेल्या बहुतेक वसतिगृहांची यादी ऑक्टोबरात घाईने, वर्गात मुलांना हात वर करायला लावून केलेली असते. यादी घरोघर जाऊन, उचल घेण्याच्या दिवसांतच करायची. तिघांनी मिळून जावं: अंगणवाडी सेविका, एक शिक्षक, आणि स्वतः तोडीला जाणारी एक बाई. ही तिसरी बाई नसेल तर घरचे खरं सांगत नाहीत.

वहीत नाव आणि इयत्तेपेक्षा महत्त्वाचे रकाने वेगळे आहेत. घरात सहा वर्षांखालची भावंडं किती? मागे कोण राहणार: आजी, आजोबा, चुलता? आजीला दोन वेळ चूल पेटवणं झेपतं का? मुकादम कोण, कारखाना कोणता, कर्नाटकात आहे की इकडे? सेंटर, म्हणजे तोडलेला ऊस नेण्याची पद्धत, कोणती: टायरगाडी (बैलगाडी), डोकी (मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरायच्या) की ट्रॅक्टर? निघण्याचा अंदाजे दिवस कोणता? फडात (तोडीच्या शेतात) असताना लागणारा फोन कुणाचा?

धाकट्या भावंडांचा रकाना सगळ्यात बोलका असतो. नऊ ते तेरा वर्षांची मुलगी बहुतेक वेळा तोडीसाठी नेत नाहीत. दीड वर्षाच्या भावाला कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) सांभाळायला नेतात. तिच्यासाठी वसतिगृहात कितीही चांगली सोय केली तरी ती थांबणार नाही, कारण प्रश्न भावाचा आहे. अशा घरी दोनच वाटा उरतात. धाकटं मूल तीन वर्षांवरचं असेल आणि आजी धडधाकट असेल तर दोघांनाही गावात ठेवून धाकट्याला अंगणवाडीत घालायचं. ते अंगावर पिणारं असेल तर कारखान्याच्या तळावर (मजुरांच्या वस्तीवर) पाळणाघर झाल्याशिवाय मुलगी सुटत नाही. त्यासाठी कारखान्याकडेच जावं लागतं. ते पुढे येतं.

सेंटरचा रकानाही तितकाच कामाचा. टायरगाडीवाली घरं बैलांसह कारखान्याच्या आसपासच्या तळावर हंगामभर एका जागी राहतात. तिथल्या मुलांना जवळच्या शाळेत घालता येतं. डोकी सेंटरवाली टोळी मात्र फड संपेल तशी गाव बदलते, आठवडा-पंधरवड्याला कोप्या हलतात. या मुलांना तिकडच्या शाळेत ‘दाखल’ करणं हे कागदावरचं समाधान आहे. मूल शाळेची वाट ओळखीची करून घेतं तोवर टोळी पुढे गेलेली असते. कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्यांना भाषेचाही अडसर. म्हणून डोकी आणि ट्रॅक्टर सेंटरच्या मुलांना गावात ठेवण्यावर सगळा जोर लावावा आणि टायरगाडीच्या मुलांसाठी तिकडची शाळा हा दुसरा पर्याय धरावा. दोन्हींना एकच उपाय लावला की दोन्हीकडे हाताला काही लागत नाही.

वसतिगृह कुठे फुटतं

हंगामी वसतिगृह समग्र शिक्षाच्या निधीतून शाळा व्यवस्थापन समिती चालवते. प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत समितीचा ठराव, पालकांची संमतीपत्रं आणि मुलांची यादी लागते. हा प्रस्ताव ऑगस्टअखेर गेला पाहिजे. तरीही पैसे उशिरा येतील हे धरूनच चाला. बहुतेक ठिकाणी पहिलं भगदाड इथेच पडतं: नोव्हेंबरात किराणा उधारीवर आणला, जानेवारीत दुकानदाराने हात आखडता घेतला, जेवण पातळ झालं, आणि संक्रांतीला गावी आलेल्या बापाबरोबर मूल निघून गेलं.

म्हणून पहिल्या ४५ दिवसांचा शिधा आधीच गावात असावा. आकडे मांडून पाहा. ४० मुलं धरा. मोठी मुलं रात्री दोन-अडीच भाकरी खातात, लहान एक-दीड. सरासरी दोन धरली तर ८० भाकरी, म्हणजे सातेक किलो पीठ. डाळ माणशी ३० ग्रॅमने सव्वा किलो, तेल ४०० ग्रॅम, भाजी तीन-चार किलो. सहा महिन्यांचं पीठ साधारण साडेबारा क्विंटल होतं, म्हणजे मुलामागे तीस किलोंच्या आसपास. बाजरी सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, घरं त्यानंतरच हलतात. निघण्याआधी प्रत्येक घराने मुलामागे तीस किलो धान्य शाळेत आणून टाकायचं, असं ग्रामसभेत ठरलं तर धान्याची चिंता मिटते. पालकांचाही त्यात वाटा राहतो. धान्य घातलेला बाप मूल मध्येच न्यायला सहसा येत नाही.

रेशनचंही पाहून ठेवा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो मिळतात. एक देश एक रेशन कार्ड योजनेत एकाच कार्डावर थोडं धान्य कारखान्याच्या गावात आणि उरलेलं आपल्या गावात उचलता येतं. पण मागे राहिलेल्या आजीचा आधार कार्डाला जोडलेला नसेल किंवा मुलांची ई-केवायसी राहिली असेल, तर दुकानदार सरळ ‘मशीनवर दिसत नाही’ म्हणतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, हे नेहमीचं आहे. हे काम सप्टेंबरात, घरची माणसं गावात असतानाच उरकायचं. नोव्हेंबरात त्याला वाली नसतो.

दुसरं भगदाड म्हणजे दिवाळीची सुट्टी. घरं ज्या दोन आठवड्यांत हलतात नेमक्या त्याच काळात शाळा बंद असते, शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात, दुपारचा पोषण आहारही नसतो. मूल कुणाच्या भरवशावर ठेवायचं? वसतिगृह शाळा उघडल्यावर सुरू करणं ही या योजनेतली सगळ्यात महागडी चूक. पहिली टोळी हलण्याच्या आठ दिवस आधी संध्याकाळचं जेवण सुरू झालं पाहिजे, आणि पहिले दोन-तीन दिवस आयांनाही पंगतीला बसवावं. मूल काय खातं, कुठे निजतं, दाराला कडी आहे का, हे आईने डोळ्यांनी पाहिलं की ती सोडून जाते. रविवार आणि सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवणही वसतिगृहालाच करावं लागतं. हे अंदाजपत्रकात धरायचं हटकून राहून जातं.

तिसरं भगदाड पहिल्या दहा दिवसांतलं. चौथ्या-पाचव्या दिवशी लहान मुलं रडायला लागतात, जेवण सोडतात, एखादं सडकेला लागतं. इथे फोन कामी येतो, पण वेळ नेमकी हवी. आईबाप पहाटे फडात जातात, संध्याकाळनंतर गाडी भरणं असतं. रोज फोनचा वायदा केला तर तो मोडतो आणि मूल आणखी खचतं. आठवड्यातून दोन ठरलेले वार, रात्री आठनंतर, प्रत्येकाला पाच मिनिटं. एवढं पाळलं तर महिनाभरात मूल रुळतं.

सगळ्या मुलांना शाळेत निजवण्याचा हट्ट धरू नये. आजी धड असेल तर मुलाने सकाळचा नाश्ता, संध्याकाळचा अभ्यास आणि रात्रीचं जेवण शाळेत करावं आणि आठच्या आत आजीकडे जावं. आजीला सोबत होते, मुलाला घर राहतं. निवासी सोय फक्त मागे कुणीच नसलेल्या मुलांसाठी ठेवा. ८६ च्या पटात ती दहा-पंधरा निघतील. मुलींच्या खोलीत रात्री एक बाई मुक्कामी हवीच, आणि तिचा मोबदला स्वयंपाकाच्या मानधनातून भागवायचा नाही. स्वयंपाकाला दोन बायका लागतात. सराईत बाई एका चुलीवर तासाला पंचवीस-तीस भाकरी थापते. एकटीवर ऐंशी भाकरी टाकल्या की पंधरा दिवसांत भाकरीच्या जागी रोज खिचडी येते.

हजेरीचं काम रात्रीचं आहे. सकाळी भरलेल्या हजेरीतूनच बोगस नावं शिरतात, आणि त्यातून योजना बदनाम होऊन बंद पडते. तुमच्या गावातलं वसतिगृह बंद पडायला यातलं काही कारण होतं का, हे प्रामाणिकपणे तपासा. जेवण झाल्यावर पाळीने समितीतली एक पालक मोजणी करून सही करेल, आणि तो आकडा शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहिला जाईल: आज जेवली अमुक, निजली अमुक. येणारा-जाणारा वाचतो. कुठल्याही तपासणी पथकापेक्षा हा खडू जास्त काम करतो.

आजारपणाची तयारीही निघण्याआधीच करावी लागते. उपचारासाठी पालकांची सही असलेलं संमतीपत्र, मूल आधीपासून कुठलं औषध घेत असेल तर त्याची नोंद, आणि रात्री-अपरात्री १०८ ला फोन करून सोबत कोण जाणार त्याचं नाव. आशाताईंनी आठवड्यातून एकदा मुलांचे हात-डोकी पाहावीत. खरूज आणि उवा एका अंथरुणातून दुसऱ्या अंथरुणात चार दिवसांत जातात, आणि गावभर ‘तिथे मुलं खंगली’ अशी बोलवा झाली की पालकांचा विश्वास उडतो.

सातवीनंतरची मुलगी

तुमच्या प्रश्नात हा भाग नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठी गळती इथेच आहे. गावातली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा एसटीच्या अंतरावर. आईबाप सहा महिने बाहेर, मुलगी तेरा-चौदा वर्षांची. आजीच्या जिवावर तिला ठेवायला घर धजत नाही, आणि तळावर न्यायचं तर तिथली भीती वेगळीच. त्यात उचल मिळते ती जोडीला. एकट्याला अर्धा कोयता धरतात. म्हणून लग्न लावून दिलं की मुलीची काळजी मिटते आणि कोयता पुरा होतो, असा दुहेरी हिशोब बसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, शौचालय नसलेल्या तळावरचं राहणं आणि खाड्याच्या भीतीने अंगावर काढलेली दुखणी, या वाटेने पुढे काय होतं तेही बीडने पाहिलं आहे. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

म्हणून सातवीतल्या प्रत्येक मुलीचं ‘जूनमध्ये कुठे’ हे फेब्रुवारीतच ठरवा. पर्याय आहेत. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय निवासी आहे. राज्याने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागांची. तुमच्या तालुक्यातलं सुरू झालं आहे का आणि जागा किती भरल्या आहेत, ते समाजकल्याण कार्यालयातून लेखी मागवा. घरून जाऊन-येऊन करणाऱ्यांसाठी एसटीचा मोफत पास आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवीपासून सायकल मिळते. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवकाची (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) जबाबदारी असते. ऊस हंगाम आणि लग्नसराई मिसळते त्या महिन्यांत त्याने सातवी ते दहावीच्या मुलींची हजेरी दर आठवड्याला शाळेकडून मागवली, तर लग्न ठरण्याआधीच चाहूल लागते. मांडव पडल्यावर १०९८ ला (मुलांच्या हेल्पलाइनला) फोन करणं हा शेवटचा उपाय.

कारखान्याकडे काय मागायचं

कारखान्यात गेलात की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मजूर आमचे नाहीत, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आणि मुकादमाशी. या वादात शिरू नका. तो न्यायालयात आणि संघटनांच्या पातळीवर चालू द्या. तुम्ही नेमक्या, मोजता येणाऱ्या गोष्टी मागा, आणि शेतकी विभागाकडे मागा. तळ कुठे पडणार, कोयते किती, हे तिथेच माहीत असतं. गटागटातल्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) कोपी न कोपी ठाऊक असते. त्याच्या वहीत ‘मुलं किती, वय काय’ असे दोन रकाने वाढवले तर आठ दिवसांत यादी तयार होते.

तळावर लागणाऱ्या गोष्टी या: माणशी ४० लिटर पाणी, म्हणजे पन्नास कोयत्यांच्या दोनशे माणसांना रोज ८,००० लिटर. वीस-पंचवीस बायकांमागे एक शौचालय, न्हाणीला आडोसा, रात्रभर दिवा. पाळणाघराला एक पक्की शेड आणि दोन बायका, कारण आईबाप पहाटे चारला जातात तेव्हा अंगणवाडी उघडलेली नसते. अंगणवाडी जोडून घ्या, पण पहाटे ते दहाचा काळ तुम्हालाच भरून काढावा लागेल. शाळेत जाणाऱ्या मुलांना तळावरून नेणारा-आणणारा एक पगारी तरुण हवा. तळ गावाबाहेर असतो, आणि आठ वर्षांचं मूल एकटं उठून, न्याहारी करून, अनोळखी शाळेत जात नाही.

पैशांचं सांगताना आकडे घेऊन बसा. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना १२० दिवसांत सहा लाख टन गाळतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये ठरलेले आहेत. या कारखान्याचे ते साठ लाख होतात, आणि तेवढाच वाटा सरकारने घालायचा आहे. हे पैसे आपल्याच गावात परत यावेत यासाठी महामंडळाकडे मागणी करायला ग्रामसभेचा ठराव आणि ओळखपत्र मिळालेल्या कामगारांची यादी लागते. ती ग्रामसेवकाने केलेली असली पाहिजे. वरून स्वतःहून टनामागे एक रुपया दिला तर सहा लाख. ४० मुलांच्या वसतिगृहाला मुलामागे दिवसाला ४५ रुपये धरून १८० दिवसांचे सव्वातीन लाख आणि दोन बायकांचं मानधन मिळून चारेक लाख लागतात. म्हणजे एका रुपयात दीड गाव. त्या कारखान्याला रोजचा ऊस पुरवायला हातांनी अडीच हजार कोयते लागतील, हे लक्षात घेतलं तर एक रुपया ही फक्त सुरुवात आहे, हे तुमच्याही ध्यानात येईल आणि त्यांच्याही.

खासगी कारखाना कंपनी असेल आणि नफ्या-उलाढालीच्या मर्यादेत बसत असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चणं त्याला बंधनकारक आहे. सहकारी कारखान्याला हे कलम लागू नाही. तिथे दार वेगळं आहे: सप्टेंबरच्या सुमारास होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा. सभासद शेतकऱ्याकडून विषय मांडून घ्यावा. तुमच्या गावात सभासद नसेल, पण ज्या गावांत तुमच्या टोळ्या उतरतात तिथले असतातच. साखर घेणारे मोठे ग्राहक आता पुरवठ्याच्या साखळीत मुलं राबतात का, हे विचारू लागले आहेत. त्यामुळे कारखान्यालाही तळाची नोंदवही उपयोगी पडते. आणि मजुरांची टंचाई असताना पाणी-दिवा असलेल्या तळावर टोळी पुढच्या वर्षीही येते, हे शेतकी अधिकाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मुकादमाला टाळून काही होणार नाही. तो गावचाच असतो. त्याला २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बोलवा आणि दोन गोष्टी वदवून घ्या: चौदा वर्षांखालचं मूल फडात कामाला लागणार नाही, आणि मूल आजारी पडलं म्हणून आई दोन दिवस गावी आली तर खाडा लावणार नाही. दुसरी गोष्ट मिळवणं अवघड आहे, पण तीच जास्त मोलाची. ती नसेल तर आई जोखीम घेत नाही आणि मूल सोबत नेते.

टायरगाडीच्या मुलांना तिकडच्या शाळेत घालताना इथल्या मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्यावं. कोणत्या विषयात मूल कुठपर्यंत आलं आहे हे त्यात खरं लिहावं. तिकडची शाळा दाखल्यासाठी अडवू लागली तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा: दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळवून देणं ही कलम ९ प्रमाणे तिथल्या स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. एप्रिलमध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा असते. मूल त्या आठवड्यात कुठे असेल आणि पेपर कोणत्या शाळेत देईल, हे दोन मुख्याध्यापकांनी मार्चमध्येच बोलून ठरवावं.

ग्रामसभेचं वेळापत्रक आणि समितीतली आजी

सार्वजनिक कारभारात ही घरं निम्मं वर्ष गैरहजर असतात, आणि त्यांच्याविषयीचे निर्णय नेमके तेव्हाच होतात. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळपाचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. मताची ही गत, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांचा आवाज कुठून येणार? तेव्हा वसतिगृह, पाणी, घरकुल, रस्ता असे त्यांच्याशी जोडलेले विषय १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ मेच्या सभांतच घ्यायचे, असा ठराव करून ठेवा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला महिला-बालकल्याणाचा १० टक्के निधी पहिल्या ४५ दिवसांच्या शिध्याला आणि रात्रीच्या बाईच्या मानधनाला जोडता येतो. आराखड्यात तो विषय आधी आला पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया लागतात. तोडीला जाणारे पालक निवडले तर सहा महिने गणपूर्ती होत नाही. न जाणारेच निवडले तर ज्यांची मुलं वसतिगृहात आहेत त्यांचं कुणीच नसतं. यातून वाट आहे: ज्या आजी-आजोबांच्या ताब्यात मूल राहतं त्यांना पालक म्हणून घ्या. रोज मूल उपाशी आलं की पोटभर जेवून आलं, हे त्यांनाच कळतं, आणि सरपंचापुढे बोलायला त्यांना भीड नसते.

वर्षाच्या शेवटी फार आकडे गोळा करू नका. ३१ डिसेंबरच्या रात्री जुलैच्या यादीतली किती मुलं गावात निजली. १५ जानेवारीनंतर त्यातली किती उरली. सातवी ते दहावीच्या किती मुली जूनमध्ये अविवाहित आणि शाळेत आहेत. हे तीन आकडे १ मेच्या ग्रामसभेत, परत आलेल्या आईबापांसमोर वाचा. आणि जुलैची वही, कारखान्याची पत्रं, मुकादमांचे फोन, सगळं ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, शाळेच्या नको. चांगल्या मुख्याध्यापकांची बदली होते ती मे-जूनमध्ये, नव्या यादीचं काम सुरू व्हायच्या तोंडावर, आणि त्यांच्याबरोबर वहीही गेली की गाव पुन्हा पहिल्या पानावर येतं.